खांद्यावरचे राजपुत्र

तीन दिवस या पोरांचे पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत! माणसांच्या खांद्यांवर बसून त्यांनी देवळाला फेऱ्या घालायच्या आणि उतरायचं ते थेट चटईवर. डोक्यावर फुलांचा मुकुट, गालांवर पावडरीचे थर, ओठ लालभडक. अंगात गुलाबी नि पोपटी रेशीम, त्यावरच्या टिकल्या उन्हात अशा चमकतायत की डोळे बारीक करावे लागतात. प्रत्येकाच्या डोक्यावर लांब दांड्याची सोनेरी छत्री धरलेली. खाली ढोल, आणि तो तरी केवढा! वाजवणाऱ्याच्या उंचीपेक्षा लांब, खांद्यावरून पट्ट्याने अडकवलेला, मागचं टोक जवळजवळ भुईला टेकलेलं. झांजा खणखणतायत, घंटांची एक अख्खी ओळ एका ठोक्यात वाजतेय, कुणी मुठीमुठीने तांदळाच्या लाह्या उधळतंय. एक राजपुत्र, असेल आठ वर्षांचा, झोपेने डुलतोय आणि त्याला खांद्यावर घेतलेला मामा नाचतोच आहे, नाचतोच आहे!

थायलंडच्या उत्तरेला चियांग माई शहर आहे. तिथल्या जुन्या नगराच्या खंदकाजवळ वाट पा पाओ हा बौद्ध विहार आहे, शान लोकांचा. मार्चअखेर ते एप्रिल, शाळांना सुट्ट्या लागल्या की तिथे हा सोहळा होतो. नाव पॉय सांग लाँग. सात ते चौदा वर्षांची मुलं श्रामणेर होणार, म्हणजे काही आठवडे भिक्षूंबरोबर राहून शिकणार. त्याआधी सिद्धार्थ जसा राजवाड्यात राहिला तसं त्यांनी राजपुत्र होऊन मिरवायचं. मग मुंडण, भुवयांसकट! आया खाली कापड धरून केस झेलतात आणि रडतात. आमच्या रावेरला दत्ताच्या रथावर रेवड्यांची उधळण होते, तेव्हा गर्दीच्या अंगात जे चैतन्य संचारतं ते मी लहानपणापासून पाहत आलोय. पण इथे रथच नाही. रथ म्हणजे माणसांचे खांदे.

मी त्या गर्दीत भान हरपून उभा होतो, तेव्हा एका तरुण शान शिक्षिकेने मला एक गोष्ट सांगितली आणि तिने माझा सगळा प्रवासच वेगळ्या वाटेला लावला. या सोहळ्याला बराच पैसा लागतो. इथले बहुतेक आईबाप बांधकामावर, संत्र्यांच्या बागांत, हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत राबणारे. ज्याला झेपत नाही त्याच्या मुलाचा खर्च दुसरं कुणी उचलतं. रेशीम, छत्री, जेवणावळी, भिक्षूंना दान, सगळं. तो खर्च उचलणारा त्या मुलाचा मानलेला बाप होतो आणि ते नातं जन्मभर टिकतं. पूर्वी विहार हीच शाळा होती. अक्षरं तिथेच गिरवायची. म्हणजे परक्याच्या मुलाच्या शिक्षणाचा भार उचलणं हे या लोकांच्या धर्मातच बसलेलं आहे!

ती शिक्षिका स्वतः शिष्यवृत्तीवर शिकली होती. तिचं शुल्क भरणाऱ्या माणसांना तिने कधी पाहिलेलंही नव्हतं.

पण हे लोक कोण, हे आधी सांगायला हवं.

शान राज्य म्यानमारचं, आपण अजून ज्याला ब्रह्मदेश म्हणतो त्या देशाचं. क्षेत्रफळ सुमारे 1,55,800 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्मं! पठार, दऱ्या, भाताची खाचरं, डोंगर. या लोकांचे भाऊबंद आपल्या देशातही आहेत. 1228 साली सुकाफा नावाचा राजा याच बाजूच्या डोंगरांतून आसामात उतरला आणि त्याच्या अहोम वंशाने तिथे सुमारे सहाशे वर्षं राज्य केलं. शान संस्थानांचे आपापले राजे होते. 12 फेब्रुवारी 1947 रोजी पांगलाँग गावी ब्रह्मी नेते आँग सान यांच्याबरोबर करार झाला, त्यानुसार ती ब्रह्मदेशाच्या संघराज्यात आली. दहा वर्षांनी वाटलं तर बाहेर पडण्याचा हक्क शानांना राज्यघटनेतच दिलेला होता. 1962 मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि ती घटना संपली. मागे उरली ती डोंगरांतली लढाई, पिढ्यान्‌पिढ्या चाललेली.

1996 ते 1998 या काळात लष्कराने मध्य शान राज्यातली चौदाशेच्या वर गावं जबरदस्तीने उठवली. तीन लाखांहून अधिक माणसं बेघर झाली, अशी शान मानवी हक्क कार्यकर्त्यांची नोंद आहे. चौदाशे गावं! आमच्या अख्ख्या जळगाव जिल्ह्यात मिळून गावं साधारण दीड हजार. चोपड्यापासून मुक्ताईनगरपर्यंत, चाळीसगावापासून आमच्या सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत एकेका गावाची चूल विझत गेलेली मी मनात पाहू लागलो, आणि मला ते पुढे पाहवेना.

त्यातले असंख्य लोक सीमा ओलांडून थायलंडला आले. तिथे सीमेवर नऊ मान्यताप्राप्त निर्वासित छावण्या आहेत, त्या मुख्यतः करेन आणि करेन्नी लोकांच्या. शानांसाठी एकही नाही! भाषा थाई भाषेच्या जवळची, चेहरे सारखे, म्हणून ते मजुरांत मिसळून गेले आणि त्यांची गणना परदेशी कामगारांत झाली. थायलंडने 1951 च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नाही. भारतानेही केलेली नाही. म्हणून हे वाचताना दुसऱ्या देशाकडे बोट दाखवण्याची सोय आपल्याला नाही.

शुक्रवारी सकाळी शहरातल्या युन्नानी मुसलमानांच्या बाजारात गेलो. हे युन्नानी म्हणजे चीनच्या युन्नान प्रांतातून खेचरांच्या तांड्यांबरोबर आलेले व्यापारी. तिथे डोंगरांतली सगळी माणसं विकायला बसतात. एका शान आजीच्या पातेल्यात पिवळंजर्द काहीतरी रटरटतंय. वर तेल, तिखट, कोथिंबीर. मी चमचा तोंडात घालतो आणि थक्क! पिठलं! अगदी पिठलं नव्हे, पण जिभेने घराचा पत्ता ओळखावा इतकं जवळचं. शान टोफू सोयाबीनचा नसतो, हरभऱ्याच्या पिठाचा असतो. गरम असताना वाटीत पातळ, थंड झाला की वड्या पाडायच्या. खानदेशात पाटोड्या करतात तशाच! पलीकडे चटयांवर भाकरीएवढ्या तपकिरी चकत्या वाळत घातलेल्या. एप्रिलात आमच्या गच्च्यांवर बिबड्या वाळतात तो देखावा डोळ्यांपुढे आला आणि मी वाकून वास घेतला. बाप रे! आंबवलेलं सोयाबीन! वास नाकातून थेट मेंदूत. आजी खळखळून हसली. ही चकती निखाऱ्यावर भाजून, कुटून प्रत्येक भाजीत घालतात म्हणे. शान माणूस परदेशी गेला की त्याला पहिली आठवण हिची येते.

आजीची नात शेजारी बसून चकत्या मोजत होती. मोजता मोजता मांडीवरच्या वहीत बीजगणित सोडवत होती.

ती वही मला पुन्हापुन्हा दिसत राहिली. चकत्यांच्या ढिगाशेजारी, हॉटेलच्या मागल्या पायरीवर, सिमेंटच्या गोण्यांवर. संध्याकाळी सात वाजता शहराच्या कडेच्या एका दुमजली घरात शिरलो. खालच्या खोलीत चाळीसएक मुलंमुली दाटीवाटीने बसलेली. कुणाच्या केसांत अजून रंगाची धूळ, कुणाच्या अंगाला तळणाचा वास, एकीच्या शर्टावर मॉलचा बिल्ला तसाच. छताचा पंखा गरगरतोय आणि फळ्यावर वर्गसमीकरण! अमेरिकेची जीईडी नावाची परीक्षा आहे, बारावीच्या तोडीची. गणित, भाषा, विज्ञान, समाजशास्त्र, चार विषय, प्रत्येकात 145 गुण मिळवायचे. ब्रह्मदेशात शाळा मध्येच सुटली, दाखले जळाले किंवा हरवले, तरी ही परीक्षा देता येते. मग थायलंडच्या इंग्रजी माध्यमाच्या अभ्यासक्रमांना प्रवेश मिळू शकतो. एका दाराला कुलूप लागलं म्हणून ही पोरं सातासमुद्रापलीकडची किल्ली घडवतायत!

थायलंडचं एक मोठेपण इथे मोकळेपणाने सांगायला हवं. 5 जुलै 2005 रोजी तिथल्या मंत्रिमंडळाने ठरवलं की मुलाकडे कागद नसले तरी शाळेने त्याला दाखल करून घ्यायचं. अशा मुलांना जी या अक्षराने सुरू होणारा एक क्रमांक देतात. देशात त्या मुलाचं नाव आणखी कुठे नसेलही, पण हजेरीपटावर असतं. अनेक मुलांची सरकारदरबारी हीच पहिली नोंद! त्यामुळे शान मजुरांची हजारो पोरं थाई गणवेश घालून शाळेत जातात, सकाळी ध्वजासमोर उभी राहतात, पहिला नंबरही काढतात. आणि बारावीनंतर एकदम भिंत. सरकारी शैक्षणिक कर्ज फक्त थाई नागरिकांना. काहींना जिल्ह्याबाहेर जायलाही परवानगी लागते. घरून पैसे येण्याऐवजी घरी पैसे पाठवावे लागतात. ही भिंत शिष्यवृत्तीशिवाय ओलांडता येत नाही.

इथली शिष्यवृत्ती म्हणजे काय, ते मी एका मुलीकडून तपशिलात समजून घेतलं. विद्यापीठाचं शुल्क, खोलीचं भाडं, दोन वेळचं जेवण, पुस्तकं, विम्याचे पैसे, एक वापरलेली सायकल. आणि हिशेबाच्या कुठल्याही कागदावर न दिसणारी गोष्ट, जी तिने अगदी सहज सांगितली: तिच्या बुडणाऱ्या मजुरीचा खड्डा घरच्यांना कसा भरता येईल यावर तासभर चाललेली चर्चा. ती फांगची. फांग म्हणजे चियांग माई प्रांताच्या उत्तर टोकाचा संत्र्यांचा मुलूख, जिकडे पाहावं तिकडे टेकड्यांच्या अंगावर हिरव्या ओळी. फवारणीच्या दिवसांत तिची आई घरी आली की आधी विहिरीवर जाऊन अंघोळ करायची, मगच लेकरांना जवळ घ्यायची. मुलगी आता सार्वजनिक आरोग्य शिकणार आहे. तिला कुणी विषय सुचवला नव्हता.

मुलाखतीत बहुतेक संस्था एक प्रश्न हमखास विचारतात: शिकून तुझ्या लोकांसाठी काय करशील? मला आधी हा प्रश्न जड वाटला. अठरा वर्षांच्या पोरीने अख्ख्या समाजाचं उत्तर का द्यावं? पण इथे कुणाला तो जड वाटत नाही. त्यांच्यापुढे चार्म टाँगचं उदाहरण आहे. तिचा जन्म 1981 चा. सहा वर्षांची असताना आईबापांनी तिला लढाईपासून दूर, सीमेवरच्या एका अनाथाश्रमात पाठवलं. सतरा वर्षांची असताना ती जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगापुढे उभी राहिली आणि शान स्त्रियांवरच्या अत्याचारांबद्दल बोलली. 2001 मध्ये, म्हणजे विशीतच, तिने शान राज्यातल्या तरुणांसाठी शाळा काढली. शान, पलाँग, पाओ, लाहू अशा सगळ्या जमातींची मुलं तिथे एकत्र राहतात, इंग्रजी शिकतात, संगणक शिकतात, आपल्या नद्यांवर कुठे धरणं होणार आहेत याचे नकाशे वाचतात. बाहेर पडलेले कित्येक जण शिक्षक झाले, परिचारिका झाले, वार्ताहर झाले.

मी एका वसतिगृहात गेलो तेव्हा भिंतीवर हाताने लिहिलेलं साप्ताहिक चिकटवलेलं होतं. चित्रं, बातम्या, एक कविता, भाताच्या भांड्याची पाळी कुणाची तेही. खानदेशच्या माणसाला अशा वेळी अमळनेरशिवाय काय आठवणार? प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी हाताने दैनिक लिहून काढायचे. गुरुजी तिथे 1924 ते 1930 या काळात होते. त्याच्या वीसएक वर्षं आधी, 1901 मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृह उभारलं, आणि मग जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांग लागली. ती नसती तर महाराष्ट्राच्या किती घरांत आज शिकलेलं माणूस नसतं! शहरात हक्काचं छप्पर आणि एक वेळचं ताट मिळालं तर खेड्यातलं पोर कुठवर जाऊ शकतं, हे आपल्याइतकं कुणाला माहीत असणार?

डोंगर बघायचे होते. धुराच्या दिवसांत ते दिसत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये इथे शेतं आणि रानं जळतात आणि सगळं आकाश राखेच्या रंगाचं होतं. मग वळणावळणाच्या रस्त्याने वर चढताना अचानक त्या राखेतून चियांग दाओचा कडा पुढे येतो, उभाच्या उभा, दोन हजार मीटरहून उंच! कळसूबाई 1,646 मीटर. मान मागे टाकून मी तो कडा पाहत राहिलो. रस्त्याकडेला साग. सातपुड्यात पाहतो तीच रुंद, खरखरीत पानं, तशीच पानगळ. आणि या सागाशी मुंबईचंही नातं आहे! 1863 मध्ये स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी इथल्या जंगलांत हत्तींकडून ओंडके ओढून घ्यायची. त्या कामाला शान आणि बर्मी माणसं आली. चियांग माईतली त्यांची काही देवळं सागाच्या त्या पैशातून उभी राहिली. शान माणूस या शहरात काल आलेला नाही.

विआंग हेंग तालुक्यात, सीमेच्या अगदी तोंडावर पिआंग लुआंग गाव आहे. तिथल्या टेकडीवरच्या विहाराला देशांच्या सीमेनेच चिरलंय. स्तूप अलीकडे, विहाराचा काही भाग पलीकडे, आणि पलीकडे बर्मी लष्कराची चौकी. मी स्तूपाच्या पायरीवर उभा आहे, समोर हाकेच्या अंतरावर वाळूच्या पोत्यांची भिंत आहे आणि मधल्या गवतावर कुणाची तरी गाय निवांत चरतेय. तिला कुणी कागद विचारत नाही.

जवळच कुंग जो छावणी. 2002 मध्ये इथल्या लढाईतून पळालेली कुटुंबं तेव्हापासून इथे आहेत. सरकारदरबारी ही छावणी नाहीच. बांबूच्या भिंती, गवताची आणि पत्र्याची छपरं, लाल माती, दारादारांत फुलझाडं डब्यांतून लावलेली. 2017 मध्ये सीमेवरच्या शान छावण्यांचं बाहेरून येणारं धान्य बंद झालं. तेव्हापासून सगळे लसूण, मिरची आणि मक्याच्या शेतांत मजुरीला जातात. पण संध्याकाळी एका पडवीत बाकं मांडली जातात. तिथे शिकवणारा मुलगा याच छावणीत जन्मला. शहरात पदवी घेऊन तो परत आलाय. शान लिपीची गोल गोल अक्षरं तो फळ्यावर काढतोय आणि पंधरा-वीस पोरं एका सुरात म्हणतायत, इतक्या मोठ्याने की समोरच्या चौकीवरही ऐकू जात असावं. ब्रह्मदेशातल्या सरकारी शाळांत ही लिपी दशकानुदशकं हद्दपार होती. मी मागच्या बाकावर बसलो, आणि एका चिमुरडीने माझ्याकडे पाहून माझ्यापुढे आपली वही सरकवली, जागा दाखवली, गिरव म्हणून खूण केली. गिरवलं!

मग शेजारचा चियांग राय प्रांत. थाम लुआंग गुहा. नाव आठवतंय ना? 23 जून 2018 रोजी फुटबॉल खेळणारी बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक त्या गुहेत पुराने अडकले आणि 10 जुलैला शेवटचा बाहेर आला. सुमारे दहा किलोमीटर लांबीची ती गुहा! तोंडाशी उभं राहिलं की आतून ओलसर गार वारा अंगावर येतो आणि पुढचा काळोख संपतच नाही. पाणी उपसण्याच्या कामात मदतीला किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ गेले होते, त्यात आपल्या सांगलीकडचा मराठी अभियंताही होता. ही बातमी तेव्हा आपल्याकडे घरोघरी वाचली गेली. पण त्या तेरा जणांपैकी चौघांना कुठल्याच देशाचं नागरिकत्व नव्हतं, हे किती जणांच्या लक्षात राहिलं? ब्रिटिश पाणबुड्यांशी अंधारात इंग्रजीतून बोलला तो अदुल साम-ऑन, चौदा वर्षांचा, शान राज्याच्या वा डोंगरांतून आलेला. वा ही वेगळी जमात, पण वाट तीच. सीमेवरच्या एका चर्चच्या आधाराने राहून तो पाच भाषा शिकला होता. ऑगस्ट 2018 मध्ये त्या चौघांना थाई नागरिकत्व मिळालं. अदुल शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकायला गेला. सगळ्या जगाने श्वास रोखून ज्याच्याकडे पाहिलं त्याला दार उघडलं, आणि ते उघडलं याचा आनंदच आहे. त्याच्यासारखी पाच भाषा येणारी पोरं मला सीमेवरच्या मे साय गावच्या बाजारात भाजी तोलताना भेटली.

कारण शिष्यवृत्त्या मूठभर आहेत. चियांग माईत 2003 मध्ये दोघा स्विस माणसांनी बँकेतली नोकरी सोडून सुरू केलेली चाइल्ड्स ड्रीम ही संस्था आहे, ती विद्यापीठाचा खर्च उचलते. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संघटनेची, जर्मनीच्या मदतीने चालणारी आइन्स्टाइनच्या नावाची शिष्यवृत्ती 1992 पासून जगभर आहे. तरीही 2023 मध्ये जगातल्या निर्वासित तरुणांपैकी उच्च शिक्षणापर्यंत पोचले होते ते शंभरात सात. 2030 पर्यंत पंधरा करायचे असं ठरलंय. आणि जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या नव्या सरकारने बर्मी विद्यार्थ्यांसाठीची साडेचार कोटी डॉलरची शिष्यवृत्ती योजना एका फटक्यात रद्द केली. सत्र चालू असताना! त्या रात्री वसतिगृहांत कुणी झोपलं नाही, असं मला सांगितलं गेलं. मुलं शिक्षकांकडे गेली, शिक्षक विद्यापीठाकडे, विद्यापीठ देणगीदारांकडे. कुणाची सोय झाली, कुणी पुन्हा हॉटेलात भांडी घासायला लागलं.

ब्रह्मदेशात परत फिरायची तर सोयच नाही. 1 फेब्रुवारी 2021 च्या लष्करी उठावानंतर तिथली विद्यापीठं ओस पडली आणि 10 फेब्रुवारी 2024 रोजी सक्तीची लष्करभरती जाहीर झाली, मुलगे 18 ते 35, मुली 18 ते 27. म्हणजे बरोबर कॉलेजचं वय! त्यानंतर सीमेवरून पोरांचा लोंढा आला. रात्रीच्या वर्गात भेटलेला एक मुलगा त्यातलाच.

त्याच्या शर्टावर काळपट तपकिरी डाग होते. मी ते डाग पाहिले आणि माझं बोलणंच थांबलं. केळीचा चीक! रावेरच्या माणसाला तो सांगावा लागत नाही. आमच्या तालुक्यात घड वाहणाऱ्या प्रत्येक गड्याच्या खांद्यावर तो असतो, कितीही धुवा, जात नाही. शान भागातून हा पोरगा सतराव्या वर्षी कचीन राज्यात गेला होता. तिथे चिनी कंपन्यांच्या मैलोन्‌मैल केळीबागा आहेत. घड कापले, वाहिले, औषधं फवारली, आणि भरतीचा कायदा आल्यावर रात्रीच्या अंधारात सीमेकडे निघाला. तोच शर्ट घालून. जीईडी पास झाला. आता त्याला शिष्यवृत्ती मिळालीय आणि तो माएजो विद्यापीठात शेती शिकणार आहे. 1934 पासून शेती शिकवणारी संस्था ती!

मी केळीच्या गावचा आहे म्हटल्यावर त्याने वही काढली. "लुंग," तो म्हणाला, म्हणजे काका, "तुमच्याकडे एकरी किती खोडं लावतात?" मग थांबलाच नाही. ऊतिसंवर्धित रोपं कुठून आणता? ठिबकने पाणी किती तास? मी सांगतोय, मृगबाग आणि कांदेबाग या केळीच्या दोन लागवडींतला फरक, नवतीनंतर पिलबाग कशी धरतात, जूनच्या वादळात उभी बाग एका रात्रीत कशी आडवी होते, थंडीत चरका कसा पडतो, करपा कसा पसरतो, सावद्याहून केळीच्या गाड्या दिल्लीकडे कशा जात. दुभाषी मुलगी दमून गेली. तो मान वर न करता लिहितोय. डाव्या हाताला विळ्याची जुनी खूण, उजव्यात पेन.

मग त्याने विचारलं, घड वाहणाऱ्यांची मुलं तुमच्याकडे कुठे शिकतात?

मी सातपुड्याबद्दल सांगितलं. पावरा, बारेला, तडवी मजूर, पालच्या बाजूच्या वस्त्या, आश्रमशाळा, यावलचा आदिवासी प्रकल्प, दहावीनंतरची सरकारी शिष्यवृत्ती, वसतिगृहात जागा मिळाली नाही तर जेवणाखाण्याचे पैसे थेट खात्यात देणारी स्वयम योजना. कुणी फैजपूरच्या कॉलेजात जातं, कुणी जळगावच्या विद्यापीठात. आणि हेही सांगितलं की कापणीच्या दिवसांत कित्येक पोरं वर्गात दिसत नाहीत, कारण ती बागेत असतात. आमच्याच बागेत. त्यांना कागद आहेत, देश आहे, योजना आहेत, तरी. त्याने तेही लिहून घेतलं.

माएजोचं पहिलं सत्र संपलं की तिथल्या प्रयोगशाळेतल्या रोपांचे फोटो तो मला पाठवणार आहे. मी त्याला आमच्या कांदेबागेचा एकरी हिशेब पाठवायचा आहे, लागवडीपासून कापणीपर्यंत. मजुरीचा रकाना वेगळा लिहा, असं त्याने मला दोनदा बजावलंय.